मोठा तारकागुच्छ दीर्घिकेतला वायू बाहेर फेकतो, की तिथल्या तिथे ढवळत ठेवतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सूर्याच्या लाखपट वस्तुमानाचा तारकागुच्छ जन्मला तर त्यातून पुढे हजारभर अतिनवतारे (जड ताऱ्यांचे अखेरचे स्फोट) होतात, प्रत्येकाची ऊर्जा १०चा ५१वा घात इतके अर्ग (अर्ग हे ऊर्जेचे एकक) धरली तर ती जन्मदात्या मेघाच्या चिंध्या करून वर कितीतरी उरते. मग आकाशगंगेसारख्या जुन्या दीर्घिकेत वायू शिल्लक राहिलाच कसा? एका लेखात असे गुच्छ ताऱ्यांचा जन्म थांबवतात असे लिहिलेले होते आणि दुसऱ्यात तेच नवे तारे जन्माला घालतात असे. त्यातले खरे कोणते, हेही आपल्याला हवे आहे. आणि शेवटी आपण विचारले आहे की, वायू निघून गेल्यावर खुद्द गुच्छाचे काय होते.

आपला हिशोब चुकलेला नाही. मी तो पुन्हा मांडून पाहिला. सूर्याच्या १० लाखपट वस्तुमानाचा आणि १०० प्रकाशवर्षे त्रिज्येचा रेणवीय मेघ (रेणूंच्या रूपातल्या थंड, दाट वायूचा मेघ) घेतला, तर त्याला गुरुत्वाने बांधून ठेवणारी ऊर्जा दोन-तीन अतिनवताऱ्यांच्या ऊर्जेएवढीच भरते. सबंध दीर्घिकेचा हिशोब तर आणखी चकित करणारा आहे. सूर्याच्या परिसरातून आकाशगंगेच्या बाहेर पडायला सेकंदाला सुमारे ५५० किलोमीटर वेग लागतो. तेवढ्या वेगाने एक अतिनवतारा, त्याची सगळी ऊर्जा कामी आली तर, तीनशेहून अधिक सूर्यांइतका वायू हाकलू शकेल. आकाशगंगेत शतकाला साधारण दोन अतिनवतारे धरले, तर दर वर्षी सहा-सात सूर्यांइतका वायू जायला हवा आणि सुमारे १० अब्ज सूर्यांइतका सारा साठा दीड अब्ज वर्षांच्या आसपास संपायला हवा. आकाशगंगेचे वय १० अब्ज वर्षांहून अधिक आहे. बाहेरून थोडाफार ताजा वायू येत राहतो हे मान्य केले तरी तेवढ्याने हे अंतर भरून निघत नाही. म्हणजे ऊर्जा मुबलक आहे. ती केव्हा सुटते, किती दाट वायूत सुटते आणि तिच्यातली किती गतीच्या रूपाने शिल्लक राहते, हा खरा प्रश्न आहे.

माझ्या मते गोंधळाचे दुसरे कारण असे की, तीन निरनिराळ्या अंतरांवर घडणाऱ्या गोष्टी लेखांमध्ये एकाच वाक्यात कोंबल्या जातात. गुच्छ ज्या मेघात जन्मला तो मेघ विखुरणे ही वीस-तीस ते शंभरेक प्रकाशवर्षांची गोष्ट. दीर्घिकेच्या तबकडीत पोकळी पडणे ही शेकडो ते काही हजार प्रकाशवर्षांची. आणि वायू दीर्घिका सोडून कायमचा जाणे ही त्याहून फार मोठ्या अंतराची. संध्याकाळी गाडी सुटली की दादरचा फलाट मोकळा होतो, म्हणून ती माणसे मुंबई सोडून गेली असे आपण म्हणत नाही; पुष्कळशी पुढच्या स्थानकांवर उतरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच फलाटावर उभी असतात. पहिली गोष्ट जवळजवळ प्रत्येक मोठ्या गुच्छाच्या बाबतीत घडते, दुसरी बऱ्याचदा, आणि तिसरी फार थोड्या ठिकाणी.

मेघापासून सुरुवात करू. मी अवरक्त खगोलशास्त्रात काम करत आलो असल्याने हा भाग मला सर्वांत जवळचा आहे आणि त्यावर थोडे अधिक लिहिले गेले तर आपण सांभाळून घ्यावे. सूर्याच्या वीस-तीसपट वस्तुमानाचा तारा पेटला की त्याचे अतिनील प्रारण भोवतालच्या हायड्रोजनचे आयनीभवन करते, म्हणजे त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे करते. पाच-दहा केल्विनपासून वीस-तीस केल्विनपर्यंत तापमानाचा वायू एकदम दहा हजार केल्विनच्या घरात जातो, त्याचा दाब शेकडोपटींनी वाढतो आणि तो बाहेरच्या थंड वायूला रेटू लागतो. शिवाय अशा ताऱ्यांच्या पृष्ठभागावरून सेकंदाला दोन-तीन हजार किलोमीटर वेगाचा वारा सतत वाहत असतो आणि धुळीवर आदळणाऱ्या प्रकाशाचा स्वतःचाही दाब असतो. या तिन्ही गोष्टी तारा पेटल्या दिवसापासून सुरू होतात, तर पहिला अतिनवतारा व्हायला किमान तीस-चाळीस लाख वर्षे लागतात. सर्वांत जड ताऱ्यांपैकी काही स्फोट न होता थेट कोसळून कृष्णविवर होत असतील, तर ही सुरुवात आणखी लांबते.

हे प्रत्यक्ष कसे दिसते ते सांगतो. आयनित कार्बनची १५८ मायक्रॉनची रेषा, म्हणजे नेमक्या त्या तरंगलांबीवर त्याच्याकडून येणारा प्रकाश, ही या कामातली आमची मुख्य खूण. ती जमिनीवरून दिसत नाही, कारण वातावरणातली बाष्प ती गिळून टाकते. म्हणूनच कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची एक मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण हैदराबादहून फुग्याला बांधून तीस किलोमीटरहून अधिक उंचीवर पाठवली जात असे, आणि जपानी सहकाऱ्यांच्या वर्णपटमापकाने याच रेषेचे नकाशे तिने काढले. (उड्डाण संपल्यावर दुर्बीण हवाई छत्रीने कुठल्या तरी शेतात उतरते आणि ती सुखरूप परत आणणे हा निरीक्षणाइतकाच जिकिरीचा उद्योग असतो.) पुढे विमानात बसवलेल्या सोफिया या दुर्बिणीने मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे याच रेषेत फार बारकाईने चित्रण केले, आणि २०१९ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्या आकडेवारीतून आकाशातली जागा आडव्या अक्षावर आणि वेग उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला की, मागच्या रेणवीय मेघाची जाड पट्टी जागच्या जागी आडवी दिसते. आणि तिच्या दोन टोकांपासून सुटून आपल्या दिशेच्या वेगाकडे झुकत गेलेली एक बारीक, फिकट कमान दिसते. ती कमान म्हणजे सेकंदाला सुमारे १३ किलोमीटर वेगाने आपल्याकडे फुगत येणारे वायूचे कवच. त्यात हजाराहून अधिक सूर्यांइतका वायू आहे, आणि त्याला ढकलणारा वारा मुख्यतः थीटा-१ ओरायनिस सी या एकट्या ताऱ्याचा आहे. अतिनवतारा तिथे अजून एकही झालेला नाही.

मृगातला गुच्छ तसा किरकोळच म्हणायचा. तो खऱ्या अर्थाने मोठ्या गुच्छांत बसत नाही, पण तो सुमारे १३५० प्रकाशवर्षांवर असल्याने त्याचे तपशील दिसतात. मोठा गुच्छ कसा असतो हे पाहायचे तर मोठा मॅगेलनी मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या टॅरंट्युला तेजोमेघाकडे, सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षे दूर जावे लागते. त्याच्या मध्यभागी असलेला आर१३६ हा गुच्छ इतका गच्च आहे की, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो हजारो सूर्यांच्या वस्तुमानाचा एकच तारा असावा असे गांभीर्याने मांडले गेले होते; १९८५ मध्ये त्याचे वेगवेगळे तारे सुटे करून दाखवले गेले. त्याचे वय अवघे पंधरा-वीस लाख वर्षे आहे, म्हणजे स्फोटांची वेळ त्याच्याही बाबतीत अजून आलेली नाही, तरी भोवतालचा वायू कोरला जाऊन त्याच्या भिंती तयार झाल्या आहेत.

इथे परिस्थितीनुसार उत्तर बदलते आणि ते का, हे समजून घेण्यासारखे आहे. दहा हजार केल्विनच्या आयनित वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १० किलोमीटर असतो. तो वायू स्वतःच्या दाबाने फार तर तेवढ्या प्रमाणातल्या वेगाने पसरतो. एक लाख सूर्यांचा मेघ ६५ प्रकाशवर्षे त्रिज्येत पसरलेला असेल, तर त्याच्यातून निसटायला सेकंदाला सहा-सात किलोमीटर पुरतात. तिथे नुसते आयनीभवन मेघ उधळून द्यायला पुरेसे आहे. पण दहा लाख सूर्य ३३ प्रकाशवर्षांत कोंबलेले असतील, तर निसटायला सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर लागतात आणि तापलेला वायू तापलेल्या अवस्थेतही मेघातच अडकून राहतो. तिथे प्रकाशाचा दाब आणि वारे यांच्यावर भिस्त ठेवावी लागते, आणि अशा मेघाचा जास्त मोठा हिस्सा ताऱ्यांत रूपांतरित झाल्यावरच तो फुटतो. सर्वांत भारदस्त गुच्छ दाट वायूच्या दीर्घिकांमध्येच का सापडतात, याचा एक धागा इथे आहे.

तारकीय वाऱ्यांविषयी माझे एक मत सांगून ठेवतो. १९७०च्या दशकात मांडलेल्या सुबक सिद्धांतानुसार वाऱ्याने तापलेला कोट्यवधी केल्विनचा वायू कवचाच्या आत कोंडला जातो आणि त्याचा दाब कवचाला ढकलत राहतो. तसे असेल तर टॅरंट्युलासारख्या ठिकाणी क्ष-किरण भरपूर दिसायला हवेत. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने पाहिले तेव्हा ते त्या अपेक्षेपेक्षा कमी भरले. कवच एकसंध नसते, त्याला जागोजागी भगदाडे असतात आणि तप्त वायू त्यांतून निसटतो. जो उरतो तो कवचाच्या थंड वायूत मिसळून आपली उष्णता प्रारणाच्या रूपाने गमावतो. वाऱ्यांची एकूण ऊर्जा पाहून त्यांना श्रेय देणाऱ्या लेखांकडे मी म्हणूनच थोड्या साशंकतेने पाहतो. मृगातली कमान खरी आहे, पण तेच गणित सरसकट मोठ्या गुच्छांना लावता येत नाही.

मेघ किती लवकर विखुरतात याचे उत्तर एकेका मेघाकडे पाहून मिळत नाही, कारण आपल्या आयुष्यात तो हलताना दिसत नाही. त्यासाठी दीर्घिकेतल्या शेकडो मेघांची आणि शेकडो तरुण गुच्छांची मोजदाद करून, किती ठिकाणी दोन्ही एकत्र आहेत आणि किती ठिकाणी एकच उरले आहे, यावरून प्रत्येक अवस्थेचा काळ काढतात. सुमारे ६० लाख प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ३०० या दीर्घिकेसाठी २०१९ मध्ये असा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मेघाचे आयुष्य सुमारे १ कोटी वर्षे आणि जड तारे दिसू लागल्यानंतर मेघ विखुरण्याचा काळ सुमारे १५ लाख वर्षे निघाला. पुढे इतर जवळच्या दीर्घिकांतही हा काळ १० ते ५० लाख वर्षांच्या दरम्यान आला. म्हणजे पुष्कळ ठिकाणी पहिला अतिनवतारा होण्याआधीच मेघाचा निकाल लागलेला असतो. त्या मेघातला जेमतेम काही टक्के वायू ताऱ्यांत गेलेला असतो. बाकीचा पुन्हा विरळ होऊन तबकडीत मिसळतो आणि पुढे कधीतरी दुसऱ्या मेघाचा भाग होतो.

आता अतिनवताऱ्यांकडे येऊ, कारण आपल्या हिशोबातली फट तिथे आहे. स्फोटाची ऊर्जा सुरुवातीला सगळी गतीत आणि उष्णतेत असते, पण भोवती वायू दाट असेल तर धक्क्याने तापलेला वायू काही हजार ते काही दशहजार वर्षांत ती ऊर्जा प्रारणाने उधळून टाकतो. संगणकावरचे वेगवेगळ्या गटांचे हिशोब इथे चांगले जुळतात: घनसेंटिमीटरला एक अणू इतक्या सर्वसाधारण वायूत एक अतिनवतारा शेवटी सुमारे ३ लाख सूर्यवस्तुमान गुणिले किलोमीटर प्रति सेकंद इतका संवेग (वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार) देऊन जातो. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. याचा अर्थ एक स्फोट सुमारे ३० हजार सूर्यांइतक्या वायूला सेकंदाला १० किलोमीटर वेग देतो. या वायूची गतिज ऊर्जा काढली तर ती मूळ ऊर्जेच्या सुमारे तीन टक्केच भरते. उरलेले सत्त्याण्णव टक्के प्रकाशाच्या रूपाने निघून गेले आणि त्यांनी वायू हलवला नाही. आपण ऊर्जेऐवजी संवेग घेऊन हिशोब मांडलात, तर निम्मे कोडे सुटते.

दुसरे निम्मे त्या १० किलोमीटरमध्ये आहे. सर्पिल दीर्घिकांच्या तबकडीत अणुरूप हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा मोजली, तर वायूच्या अस्ताव्यस्त हालचालीचा वेग जवळजवळ सगळीकडे सेकंदाला १० किलोमीटरच्या आसपास येतो. ही हालचाल आपोआप टिकत नाही. तबकडीची जाडी ओलांडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात, म्हणजे एक-दीड कोटी वर्षांत, ती मावळते. आता शतकाला दोन अतिनवतारे आणि प्रत्येकाकडून ३० हजार सूर्य घेतले, तर वर्षाला सहाशे सूर्यांइतका वायू या वेगाने ढवळला जातो आणि आकाशगंगेचा सारा वायू एकदा ढवळून निघायला साधारण दीड कोटी वर्षे लागतात. दोन्ही काळ जुळतात. हा हिशोब ढोबळ आहे आणि हालचालीला गुरुत्व व तबकडीचे फिरणे यांचाही हातभार लागतो, पण प्रमाण पाहण्यासारखे आहे: जो स्फोट वायूला दीर्घिकेबाहेर सेकंदाला ५५० किलोमीटर वेगाने पाठवायला अपुरा पडतो, तोच त्याला तबकडीत हलता ठेवायला नेमका पुरतो.

त्याचा परिणाम ताऱ्यांच्या जन्मदरावर दिसतो. आकाशगंगेत सुमारे १ अब्ज सूर्यांइतका रेणवीय वायू आहे. गुरुत्वाने तो विनाअडथळा कोसळला असता तर दर वर्षी किमान शंभर-दोनशे सूर्यांइतके तारे व्हायला हवे होते. प्रत्यक्षात वर्षाला सुमारे दोन होतात. ही तफावत १९७४ पासून माहीत आहे आणि तिचे संपूर्ण श्रेय गुच्छांना देता येत नाही, कारण चुंबकीय क्षेत्रे आणि दीर्घिकेचे स्वतःचे फिरणे यांचाही त्यात वाटा आहे. तरीही ‘गुच्छ ताऱ्यांचा जन्म थांबवतात’ या विधानाचा ग्राह्य अर्थ मी असा लावतो: ते कच्चा माल नष्ट करत नाहीत, त्याचा वापर फार सावकाश होईल अशी व्यवस्था करतात.

मग मोठ्या गुच्छाचे वेगळेपण कशात? तेवढेच जड तारे तबकडीत सुटे विखुरले असते तर काय बिघडले असते? फरक एका जागी आणि एका काळात घडण्याचा आहे. आपल्या लाख सूर्यांच्या गुच्छातले हजार स्फोट साडेतीन कोटी वर्षांत एकाच ठिकाणी होतात, म्हणजे सरासरी ३५ हजार वर्षांनी एक. पहिल्या काहींनी दाट वायू दूर सारलेला असतो. पुढचे स्फोट विरळ, तप्त पोकळीत होतात, जिथे ऊर्जा प्रारणाने उधळायला पुरेसा दाट वायूच नसतो. त्यामुळे प्रत्येक पुढचा स्फोट आधीच्यापेक्षा अधिक कार्यक्षम ठरतो, पोकळी शेकडो प्रकाशवर्षे पसरते, आणि तबकडीच्या जाडीपेक्षा मोठी झाली की वरून-खालून उघडते. स्फोटांपूर्वीची साफसफाई इथे महत्त्वाची ठरते: तारकीय वारे आणि आयनीभवन यांनी स्फोटासाठी जागा रिकामी केली नसती, तर पहिल्या अनेक स्फोटांची ऊर्जा मेघातच जिरली असती. काही जड तारे गुच्छातून भिरकावले जाऊन दूर जाऊन फुटतात, तेही आपोआप विरळ जागी फुटतात.

अशा पोकळ्या जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत अक्षरशः दाटीवाटीने दिसतात. मीन तारकासमूहातल्या एनजीसी ६२८ या दीर्घिकेत सोळाशेहून अधिक बुडबुडे मोजले गेले आहेत आणि त्यांतला सर्वांत ठळक सुमारे तीन हजार प्रकाशवर्षे रुंद आहे. आपणही अशाच एकात राहतो. सूर्याभोवतीची सुमारे हजार प्रकाशवर्षे रुंद विरळ पोकळी १.४ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या पंधराएक अतिनवताऱ्यांनी तयार केली असे २०२२ मध्ये दाखवले गेले. सूर्य तिच्यात नंतर, सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी शिरला. महासागराच्या तळाच्या खडकांत सापडणारे लोह-६० हे त्या शेजाराचेच लक्षण आहे, कारण २६ लाख वर्षे अर्धायुष्य असलेला लोहाचा हा किरणोत्सारी समस्थानिक पृथ्वीच्या जन्मापासून टिकून राहणे शक्य नाही.

त्याच २०२२ च्या कामात आणखी एक गोष्ट पुढे आली: वृषभ आणि भुजंगधारी यांतले तारे जन्मणारे मेघ या पोकळीच्या पृष्ठभागावर बसलेले आहेत. आपल्या दुसऱ्या लेखातला ‘गुच्छ नवे तारे घडवतात’ हा दावा बहुधा अशाच निरीक्षणांवर उभा असावा. वायू लोटला गेला, कडेला गोळा झाला, दाट झाला आणि तिथे तारे जन्मले, यात न पटण्यासारखे काही नाही. पण मी विद्यार्थ्यांना इथे हात आखडायला सांगतो. पोकळीच्या कडेवर तरुण तारे दिसले म्हणजे ते पोकळीमुळे जन्मले असे सिद्ध होत नाही. जो वायू तिथे ढकलला गेला तो ढकलला नसता तर आतल्या भागात कदाचित तितकेच तारे घडले असते. जागा बदलली, संख्या वाढली की नाही हे वेगळे तपासावे लागते. माझा अनुभव असा की, छोट्या पट्ट्यात पाहिले तर नवजन्माला चालना मिळालेली दिसते आणि संपूर्ण दीर्घिकेचा ताळेबंद मांडला तर एकूण परिणाम जन्मदर कमी करण्याकडेच झुकतो. आपले दोन्ही लेख त्यामुळे एकाच वेळी बरोबर असू शकतात.

पोकळी दिसली की तिच्या मध्यभागी गुच्छ असलाच पाहिजे, असेही धरून चालू नये. होल्मबर्ग २ या बटू दीर्घिकेत अणुरूप हायड्रोजनच्या नकाशात १९९२ मध्ये पन्नासच्या आसपास पोकळ्या मोजल्या गेल्या. १९९९ मध्ये त्यांच्या केंद्रस्थानी अपेक्षित गुच्छ शोधले तेव्हा बहुतेक ठिकाणी ते मिळालेच नाहीत. दहा वर्षांनी हबल दुर्बिणीने एकेक तारा मोजल्यावर कळले की, पोकळ्यांच्या आत निरनिराळ्या वयांचे तारे मिसळलेले आहेत आणि त्या सर्वांची मिळून ऊर्जा पोकळीला पुरते, मात्र एका झटक्यात जन्मलेला एकच गुच्छ तिथे नाही. बटू दीर्घिकांची तबकडी जाड असते आणि फिरण्याने पोकळ्या ताणल्या जात नाहीत, त्यामुळे जुन्या पोकळ्या तिथे फार काळ टिकतात. नारायणगावजवळच्या आपल्या महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीने बटू दीर्घिकांतल्या हायड्रोजनचे पुष्कळ नकाशे काढले आहेत, आणि असा नकाशा वाचताना ही सावधगिरी कायम बाळगावी लागते.

राहिली तिसरी गोष्ट, दीर्घिका सोडून जाण्याची. तिचे ठरलेले उदाहरण म्हणजे सप्तर्षींच्या भागातली, सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवरची एम८२ ही दीर्घिका. तिच्या तबकडीला काटकोनात दोन्ही बाजूंना निघालेल्या हायड्रोजनच्या लाल धाग्यांचा अर्थ १९६३ मध्येच केंद्रातून होणारा उद्रेक असा लावला गेला. पुढे हबलने त्या केंद्रात शंभराहून अधिक भारदस्त गुच्छ दाखवले. इथे सगळ्या अटी एकत्र जुळतात: अनेक मोठे गुच्छ, छोट्या जागेत, थोड्या काळात, त्यांच्या पोकळ्या एकमेकींत मिसळतात आणि तप्त वायू सलग वाट काढून बाहेर पडतो. शिल्पकार तारकासमूहातल्या एनजीसी २५३ या दीर्घिकेत आल्मा या रेडिओ दुर्बिणीने २०१३ मध्ये थंड रेणवीय वायूही असा निघताना दाखवला, आणि त्याचे प्रमाण ताऱ्यांच्या जन्मात खर्च होणाऱ्या वायूइतके किंवा त्याहून अधिक आले.

तरीही निघालेला सगळा वायू जातोच असे नाही. एम८२च्या बाबतीत तप्त वायूचा वेग दीर्घिका सोडायला पुरेसा आहे, पण वस्तुमानाने भारी असलेला थंड वायू जसजसे वर जावे तसतसा झपाट्याने कमी होत जातो. त्यातला बराचसा काही काळाने खाली परततो असे मानायला जागा आहे. आकाशगंगेत तर बहुतांश हाच प्रकार चालतो: पोकळी फुटते, वायू तबकडीच्या वर जातो, थंड होतो आणि परत कोसळतो. बटू दीर्घिकांत मात्र निसटण्याचा वेग कमी असल्याने गणित बदलते. सिंह तारकासमूहातल्या लिओ पी या चिमुकल्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांनी आजवर जेवढा ऑक्सिजन तयार केला, त्यातला सुमारे पाच टक्केच तिच्यात उरला आहे असे २०१५ मध्ये मोजले गेले. गंमत अशी की, तिच्यात हायड्रोजन अजून आहे. गेला तो मुख्यतः स्फोटांच्या पोटातला, ताजा, जड मूलद्रव्यांनी भरलेला तप्त वायू. भोवतालचा जुना वायू बराचसा जागेवरच राहिला. वायू गेला असे वाचले की कोणता वायू गेला, हे विचारणे म्हणूनच गरजेचे आहे.

भोवतालच्या जागा रिकाम्या झाल्या की वायूबरोबर गुच्छाचा अतिनील प्रकाशही बाहेर निसटतो आणि दूरवरच्या विरळ वायूचे आयनीभवन करतो. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रातील संशोधकांच्या नेतृत्वाखाली ॲस्ट्रोसॅट उपग्रहाच्या अतिनील दुर्बिणीने २०२० मध्ये ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून असा प्रकाश निसटताना पकडला. विश्वाच्या बाल्यावस्थेत दीर्घिकांच्या दरम्यानचा वायू आयनित कसा झाला, या प्रश्नाशी तो जोडलेला आहे. पण तो विषय स्वतंत्र उत्तर मागतो.

आपला स्वतःचा हिशोब पुढे न्यायचा असेल, तर गुच्छाचे वस्तुमान एवढी एकच संख्या घेऊ नका. मेघाची घनता, गुच्छ तबकडीच्या मध्यात आहे की कडेला, शेजारी आणखी गुच्छ आहेत का आणि दीर्घिकेत जड मूलद्रव्ये किती, हे चारही उत्तर बदलतात. जड मूलद्रव्ये कमी असतील तर ताऱ्यांचे वारे दुबळे असतात, पण वायूही सावकाश थंड होतो. हे दोन परिणाम उलट दिशांनी ओढतात आणि कोणता वरचढ ठरेल हे प्रत्येक ठिकाणी पाहावे लागते.

गुच्छाचे काय होते, या आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वायू किती होता आणि किती वेगाने गेला यावर आहे. सुरुवातीला ताऱ्यांना बांधून ठेवणाऱ्या गुरुत्वात वायूचाही वाटा असतो. एकूण वस्तुमानापैकी निम्म्याहून अधिक वायू असेल आणि तो ताऱ्यांना एक फेरी मारायला लागणाऱ्या वेळेपेक्षा लवकर निघून गेला, तर साधे गणित सांगते की गुच्छ सुटतो आणि तारे तबकडीत पांगतात. तोच वायू सावकाश गेला तर गुच्छ सैल होऊन, फुगून टिकतो. प्रत्यक्षात तारे मेघाच्या सर्वांत दाट गाभ्यात जन्मतात आणि तिथला वायू त्यांनी आधीच बराचसा वापरलेला असतो, त्यामुळे गाभा टिकून केवळ बाहेरचे तारे सुटतात असेही घडते. सुमारे दहा-बारा कोटी वर्षे वयाच्या कृत्तिका हा असा वाचलेला गुच्छ आहे. ज्या मेघात त्या जन्मल्या तो केव्हाच विखुरला. आज त्यांच्याभोवती छायाचित्रांत दिसणारी निळसर धूळ त्या मेघाची नसून, वाटेत भेटलेल्या दुसऱ्याच एका मेघाची आहे.